मिल्काओ तुटतो

वेलिंग्टनच्या त्या कचेरीत माणसं सात होती आणि नियम एकच होता: तोंडी कुरकुर करायची नाही. ज्याला जे खुपेल ते त्यानं वहीत लिहायचं.

वही कागदाची नव्हे, इंटरनेटवरची. ही मंडळी वाचनालयांसाठी सॉफ्टवेअर लिहायची. पुस्तक कोणी नेलं, कधी आणलं, कुठल्या कपाटात आहे, हे सांभाळणारं. आणि लिहून झालं की ते जगाला तसंच देऊन टाकायची. घ्या, वापरा, उघडून बघा, हवं ते बदला. फक्त काय बदललंत ते लपवू नका, सगळ्यांना परत द्या. मुक्त सॉफ्टवेअरची रीतच ती. त्यामुळे जगात कुठल्याही ग्रंथपालाला काही बिघडलेलं दिसलं की तो या वहीत नोंद करायचा, आणि नोंद झाली रे झाली की ती शेकडो वाचनालयांच्या टपालात जाऊन पडायची. नोंदीला चार रकाने होते. काय केलं, काय झालं, काय व्हायला हवं होतं, आणि हे का महत्त्वाचं. चौथा रकाना कोणीही भरत नसे. कामाच्या माणसाला ‘का’ विचारलं की राग येतो, दुसरं काय!

शुक्रवारच्या जेवणासाठीही अशीच एक वही होती, पण खाजगी, सातजणांपुरती. दर शुक्रवारी एकानं कचेरीच्या स्वयंपाकघरात सगळ्यांसाठी रांधायचं आणि बाकीच्यांनी खाऊन नोंद करायची. तामातीनं ती थट्टेत सुरू केली होती. ‘मॉरीनच्या सूपमध्ये मीठ आढळलं नाही. पुन्हा करून पाहिलं. पुन्हा आढळलं नाही.’ असल्या नोंदी. मॉरीन म्हणजे कचेरीची मालकीण, साठीची, उंच, बोलायला मोजकी. तिनं स्वतःच उत्तर लिहिलं होतं: ‘मीठ टेबलावर आहे. हात तुमचे.’

जुलैच्या पहिल्या शुक्रवारी पाळी मिरेयाची होती. मिरेया चिलीच्या दक्षिणेची, चिलोएजवळच्या एका इवल्याशा बेटावरची. वेलिंग्टनला येऊन तिला तेरा महिने झाले होते. तिनं मिल्काओ करायचं ठरवलं. कच्चा बटाटा किसायचा, फडक्यात पिळायचा, उकडलेल्या बटाट्यात मळायचा, त्यात चरबीचे कुरकुरीत तुकडे घालायचे, आणि तळहाताएवढी जाड भाकरी थापून तळायची. सांगायला सोपं.

पहिली भाकरी तव्यात उलटली आणि तिचे तीन तुकडे झाले. दुसरीचे पाच. शेवटी मिरेयानं सगळा चुरा परातीत ओतला आणि टेबलावर ठेवला.

“हे असंच असतं का?” तामातीनं विचारलं. तामाती तिच्या शेजारच्या टेबलावरचा, माओरी, आडदांड, खायला वाघ.

“असं नसतं. अख्खं असतं. आईचा मिल्काओ हातात धरून खायचा असतो.”

“मग आईला फोन कर की.”

“बघते,” मिरेया म्हणाली आणि भांडी घासायला वळली.

बघते काय, डोंबल! आई जाऊन येत्या चौदा ऑगस्टला वर्ष होणार होतं.

आणि हे त्या कचेरीत कोणालाही ठाऊक नव्हतं. मिरेयाला नोकरीवर येऊन जेमतेम दोन महिने झाले होते तेव्हा ती बातमी आली. बेटावर पोचायचं म्हणजे तीन विमानं, एक बस आणि एक होडी. दफन तर दुसऱ्याच दिवशी होऊन जाणार. निदान नऊ दिवसांच्या प्रार्थनेच्या शेवटाला ती पोचू शकली असती. पण नव्या जागी रजा मागायची कशी, या भिडेत पहिला दिवस गेला, दुसरा गेला, आणि मग जाण्यात अर्थ उरला नाही. डोळे का लाल म्हणून मॉरीननं विचारलं तेव्हा सर्दी झालीय म्हणाली. त्या आठवड्यात तिनं अकरा बिघाड दुरुस्त केले. भिडेपायी माणूस काय काय घालवून बसतं, पाहा.

त्यांच्याकडे वर्षाच्या दिवशी, ज्यांनी प्रार्थना म्हटली त्यांना घरच्यांनी जेवू घालायचं असतं. आईला मिरेया एकटीच. बाप समुद्रात बुडालेला. घर बंद. म्हणून तिनं मनाशी ठरवलं होतं: त्या दिवशी इथे, या सहाजणांना आईच्या हातचा, म्हणजे आईसारखा मिल्काओ घालायचा. का ते सांगायचं नाही. नुसता घालायचा. तेवढं जरी नीट झालं तरी पुष्कळ. पण करायचा कसा, हे तिनं कधी धड पाहिलंच नव्हतं. अकराव्या वर्षी ती चिलोएच्या शाळेत वसतिगृहावर गेली. तिथे दर पंधरा दिवसांनी फडक्यात बांधलेले मिल्काओ यायचे, सुट्टीत घरी गेलं की ताटात यायचे. खाणाऱ्याला चुलीची काय खबर?

तर त्या शुक्रवारी जेवणानंतर मिरेयानं चिडून स्वतःच्याच पदार्थाविरुद्ध नोंद केली. काय केलं: बटाटा किसून, पिळून, मळून तळला. काय झालं: मिल्काओ तुटतो. काय व्हायला हवं होतं: अख्खा राहावा, आणि चव पाणचट नको. चौथा रकाना रिकामा. पाठवलं.

पाच मिनिटांत तामाती खुर्चीवरून गरकन वळला.

“बाई गं, काय केलंस तू हे?”

“काय केलं?”

“वही बघ. कुठल्या वहीत लिहिलंस ते बघ!”

दोन्ही वह्या दिसायला एकसारख्या. बिघाड क्रमांक २८४१७, ‘मिल्काओ तुटतो’, शेकडो वाचनालयांच्या टपालात जाऊन पडला होता. मिरेयाची कानशिलं तापली. ती नोंद पुसायला धावली, तर मॉरीन मागून म्हणाली, “पुसता येत नाही. नियम आपलाच आहे.” आणि चहा घेऊन निघून गेली.

एवढ्यावर थांबतील तर ते ग्रंथपाल कसले! त्यांना कोणी प्रश्न विचारलेला दिसला की राहवत नाही. सोमवारी सकाळी खाली एकोणीस उत्तरं होती. फिनलंडच्या एका वाचनालयानं कुठल्या बटाट्यात पिठूळपणा किती याचा तक्ता जोडला होता. आयर्लंडच्या एका बाईंनी लिहिलं होतं, ‘आमच्याकडेही असाच प्रकार करतात. तो तुटत नाही. बटाटा वाईट असेल, नाहीतर हात.’ जपानच्या एका गृहस्थांनी भाकरीची जाडी मिलिमीटरमध्ये विचारली होती. आणि सगळ्यात शेवटी चिलोएचं वाचनालय. वहीत कोणी खऱ्या नावानं लिहीत नसे. हे वाचनालय वाचनालयाच्याच नावानं लिहायचं आणि मिरेया नुसती ‘एम-सात’ होती. चिलोएनं एकच ओळ टाकली होती: ‘पिळलेलं पाणी फेकलंत का?’

गावाकडचं माणूस! मिरेयाला आपल्या भाषेत उत्तर द्यावंसं वाटलं. पण एकदा ओळख दिली की तिकडून विचारणार, कोणाची गं तू? आणि सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: मयताला का नाही आलीस? तिनं परक्यासारखं इंग्रजीतच लिहिलं. ‘हो. फेकलं.’

‘फेकू नका. तळाशी पांढरा साका बसतो. तो परत मिसळा.’

दुसऱ्या शुक्रवारचीही पाळी तिनं मागून घेतली आणि साका परत मिसळला. मिल्काओ अख्खा राहिला. कचेरीनं टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी घास घेतला आणि टाळ्या थांबल्या.

“बुटाचा तळवा,” तामाती चावत म्हणाला. “चांगल्या कंपनीचा, पण तळवाच.”

“वाईट नाही,” मॉरीन म्हणाली. आता ‘वाईट नाही’ म्हणजे त्या देशात काय, हे तेरा महिन्यांत मिरेयाला कळलेलं नव्हतं. उत्तम स्वयंपाकालाही ते तेच म्हणतात आणि बुडालेल्या बोटीलाही. मॉरीननं दुसरा घेतला नाही, यावरून काय ते समजायचं.

आता मात्र तामातीला चेव आला. बिघाड कशामुळे झाला ते सापडत नसेल तेव्हा हे लोक एक युक्ती करतात. चालणारं आणि न चालणारं यांत जेवढे फरक असतील तेवढे मांडायचे आणि निम्मे निम्मे बदलून बघायचं. बिघाड ज्या निम्म्यात सापडेल त्याचे पुन्हा निम्मे. त्यानं फळ्यावर दोन खण आखले.

“सांग. आईचं काय वेगळं होतं?”

“चूल लाकडाची. कढई लोखंडी.”

“अजून?”

“किसणी नव्हती. पत्र्याच्या डब्याला खिळ्यानं भोकं पाडलेली. चरबी घरच्या डुकराची. पाणी विहिरीचं. बटाटा आमच्या वाडीतला, जांभळा, वेडावाकडा.”

“झाले की सहा! आधी तीन बदलू.”

मॉरीननं घरून लोखंडी कढई आणली. तामातीनं बिस्किटाच्या डब्याला भोकं पाडली आणि अंगठा फोडून घेतला. चरबी एका शेतकऱ्याकडून आली. तिसरा शुक्रवार: साका घातला तर रबर, नाही घातला तर चुरा. चौथा शुक्रवार: तेच. कचेरी निमूट खात होती. हिशेबनीस केव्हिन म्हणाला, “पुढच्या जन्मी मी बटाटा खाणार नाही,” तेव्हा तामाती त्याला म्हणाला, “या जन्मी तर खा!”

आणि खालची उत्तरं वाढतच होती. मिरेया रोज सकाळी उठल्या उठल्या ती वाचायची. लोकांना एवढं काय पडलंय, हे तिला कळेना. कोणी आपल्या स्वयंपाकघरात करून बघत होतं, कोणी त्याचे फोटो टाकत होतं. आयर्लंडच्या बाई आणि जपानचे गृहस्थ यांची जाडीवरून जुंपली होती.

ती मात्र दिवस मोजत होती. दोन आठवडे उरले.

“चूल आणि विहीर काही इथे आणता येणार नाही. बटाटाच राहिलाय,” तामाती फळ्याकडे बघून म्हणाला. “जांभळा, वेडावाकडा म्हणालीस ना? थांब. आँटीला विचारतो.”

पाचव्या शुक्रवारी तामातीची आँटी, नाइरी, ओटाकीहून स्वतःच गाडी हाकत आली. सत्तरीची बाई, पायात गमबूट, हातात गोणपाटाची पिशवी. तिनं पिशवी टेबलावर उपडी केली. बोटाएवढे, जांभळे, गाठीगाठींचे बटाटे.

“हे विकत मिळत नाहीत हं,” नाइरी म्हणाली. “माझ्या आजीच्या आजीपासूनचं बियाणं आहे. कोणी मागितलं की द्यायचं आणि त्यानं पुढे कोणाला तरी द्यायचं. आता लावणीपुरतेच उरलेत. म्हणून कोण एवढं अडलंय ते बघायला आले.”

मिरेयानं एक बटाटा उचलला, नखानं सोलला, आणि वास घेतला. आईच्या ॲप्रनचा वास होता तो.

तिनं पत्र्यावर किसलं, पिळलं, मळलं. साका घालू का नको? आधी न घालता बघू. कढईतून जो वास सुटला त्यानं केव्हिनसुद्धा उठून आला. तिनं कडेचा एक तुकडा तोंडात टाकला. हीच! हीच चव! तिनं उलथनं खाली सारलं, भाकरी उचलली, आणि भाकरीचा भुगा झाला. दुसरीचा झाला. तिसरीचाही.

मिरेयानं उलथनं बेसिनमध्ये आपटलं आणि ती रडायला लागली. साधं नाही, हुंदक्यांनी, भिंतीला टेकून, लहान पोरीसारखं. तामाती म्हणाला, “अगं, बटाटा आहे नुसता...”

“तू गप रे,” नाइरी म्हणाली. ती मिरेयाजवळ गेली आणि तिचं मनगट धरलं. “कोण गेलं, पोरी?”

“आई,” मिरेया म्हणाली.

“केव्हा?”

“चौदा ऑगस्टला वर्ष होईल.”

मग सगळं बाहेर आलं: बातमी, रजा न मागणं, सर्दी, वर्षाचा दिवस. मॉरीनचा चेहरा पांढरा पडला होता.

“माझ्यापासून दोन टेबलं सोडून बसलीस,” ती म्हणाली. “वर्षभर. आणि मी तुला सर्दीची गोळी दिली.”

“त्रास नको म्हणून...”

“त्रास!” मॉरीन एवढी मोठ्यानं बोललेली कोणी ऐकली नव्हती. “गेल्या वर्षी माझा कुत्रा मेला तेव्हा मी तुम्हा सगळ्यांना तीन दिवस पिडलं होतं!”

“आमच्याकडेही वर्षानंच कबरीच्या दगडावर झाकलेलं कापड काढतात,” नाइरी म्हणाली. “त्या दिवशी एकट्यानं रांधत नाहीत. मी येते चौदाला. आणि पोरी, बटाट्याचे डोळे तेवढे जाडसर कापून ठेव. ते मी लावीन. बाकीचं पोटात.”

तामाती इतका वेळ फळ्याकडे बघत होता. “चौथा रकाना,” तो हळूच म्हणाला. “तू काय झालं ते लिहिलंस. कशासाठी ते लिहिलंच नाहीस. बाहेरची ती सगळी माणसं चार आठवडे उगाच डोकं फोडतायत.”

मिरेयानं त्या दुपारी चौथा रकाना भरला. दोन भाषांत भरला, इंग्रजीत आणि आपल्या. ‘माझी आई एल्सिरा बारिया गेल्या चौदा ऑगस्टला वारली. मी गेले नाही. येत्या चौदाला मला तिचा मिल्काओ लोकांना खाऊ घालायचा आहे. तिचा अख्खा असायचा. माझा तुटतो. मिरेया.’

शनिवार, रविवार, सोमवार वहीत कोणी काही लिहिलं नाही. एकही ओळ नाही. जपान नाही, आयर्लंड नाही. मिरेयाला वाटलं, झालं, लोकांना अवघडून टाकलं, उगाच लिहिलं. मंगळवारी सकाळी कचेरीत येऊन तिनं कोटसुद्धा काढला नव्हता, तर चिलोएच्या वाचनालयाचं उत्तर आलेलं होतं. या वेळी एक ओळ नव्हती, आणि इंग्रजीही नव्हतं. ती उभ्या उभ्याच वाचायला लागली.

‘मिरेया, मी एलियासर मान्सिया. बेटांवर पुस्तकं घेऊन जाणारी लाँच मी एकवीस वर्षं चालवली. तू मला लाँचवाले काका म्हणायचीस. आता म्हातारा झालो, किनाऱ्यावर बसून या वहीत लोकांना उत्तरं देतो. तू कोण ते आधी सांगितलं असतंस तर चार आठवडे वाचले असते.

‘पोरी, तुझ्या आईचा मिल्काओ तुटायचाच. सगळ्या बेटाला ठाऊक होतं. ती साका घालायची नाही; म्हणायची, साक्यानं चव मरते. दर दुसऱ्या गुरुवारी ती धक्क्यावर दोन पुरचुंड्या घेऊन उभी असायची. एक मोठी, त्यात नुसता चुरा; ती माझी. आम्ही लाँचवर चमच्यानं खायचो आणि बोटं चाटायचो. दुसरी लहान. एवढ्या घाण्यातून जे तीन-चार अख्खे निघतील ते तिच्यात. ही पोरीची, शाळेत पोचवा, उलटसुलट करू नका म्हणायची. एकदा मी गमतीनं विचारलं, एल्सिरा, आम्ही काय पाप केलं? तर म्हणाली, तिकडे सगळ्या पोरी अख्खं घेऊन येतात.

‘चौदाला आम्ही तिच्या कबरीपाशी जातोय. प्रार्थना म्हटलेली सगळी मंडळी येतील. चुरा मी नेतो. तुझं नाव घेईन.’

मिरेयानं ते दोनदा वाचलं. मग तिनं तामातीला बोलावलं आणि खुर्चीत बसून त्याला सबंध वाचून दाखवलं, एकेक वाक्य इंग्रजीत करत. तामातीनं घाई केली नाही.

“म्हणजे,” तो शेवटी म्हणाला, “शुक्रवारचा बरोबर होता.”

“तंतोतंत.”

चौदाला नाइरी घरी उरलेले बटाटे पिशवीत घालून घेऊन आली. सगळ्यांनी मिळून डोळे कापले आणि ओल्या फडक्यावर मांडून ठेवले. मिरेयानं साका घातला नाही. मॉरीननं आईचं नाव फळ्यावर लिहिलं, दोन खणांच्या वर, आणि खाली काही लिहिलं नाही. जपानहून, आयर्लंडहून, फिनलंडहून फोटो येत होते. त्या दिवशी त्या सगळ्यांनी केलेले मिल्काओ, कोणाचे अख्खे, कोणाचे मोडके. आयर्लंडच्या बाईंचा पहिल्यांदाच तुटला होता आणि त्यांनी तसं कबूल केलं होतं.

सबंध घाण्यातून चार अख्खे निघाले. मिरेयानं ते फडक्यात बाजूला काढले, आणि मग एक नाइरीच्या, एक मॉरीनच्या, एक केव्हिनच्या आणि एक तामातीच्या ताटात ठेवला. बाकीच्यांना चुरा आणि चमचे.

“अगं, तुला कुठे?” तामातीनं आपला पुढे केला.

“तू खा. उलटसुलट करू नका,” मिरेया म्हणाली.

तिनं परातीतला चुरा वाडग्यात घेतला. आईचा मिल्काओ ती पहिल्यांदाच चमच्यानं खात होती. वाडगा संपल्यावर तिनं हात धुतले, २८४१७ उघडला आणि खाली लिहिलं, ‘बिघाड नव्हता. असंच असतं.’ मग नोंद बंद केली आणि आणखी चुरा घ्यायला उठली.